‘समित्या फक्त वेळ काढतात’ : जाळीच्या अर्जाबद्दल एका वाचकाला उत्तर

बायकांच्या शरीरात शस्त्रक्रियेने बसवलेल्या जाळीविरुद्धचा अर्ज आणि स्कॉटलंडच्या संसदेचे सदस्य म्हणून जॅक्सन कार्लॉ यांनी तिथल्या विनंती अर्ज समितीत (लोकांचे अर्ज ऐकणाऱ्या समितीत) केलेलं काम, यावर मी लिहिलं, त्यावर तुमची लांबलचक प्रतिक्रिया आली. इतरांसाठी तिचा गाभा इथे देते. तुम्ही म्हणता, विनंती अर्ज समित्या म्हणजे लोकांचा राग थंड करायची सोय. बायका 2014 साली दाद मागायला आल्या आणि कायदा झाला 2022 साली. मंत्र्याने मनावर घेतलं असतं तर एका दिवसात बंदी आली असती. शिवाय सत्तेत नसलेल्या एका हुजूर (कॉन्झर्व्हेटिव्ह) पक्षीय सदस्याला, म्हणजे कार्लॉंना, श्रेय कशाला द्यायचं? शेवटी तुम्ही हर्नियाच्या जाळीबद्दलही विचारलं आहे, त्याकडे मी नंतर येते.

आधी त्या बायकांचं दुखणं काय होतं ते सांगते, कारण तुमच्या प्रतिक्रियेत ते कुठेच नाही. बाळंतपणानंतर अंग बाहेर येणं, शिंकताना-खोकताना लघवी सुटणं हे त्रास बाई वर्षानुवर्षं कुणाजवळ बोलत नाही. त्यावर पॉलिप्रॉपिलीनची जाळी किंवा पट्टी आत बसवायची शस्त्रक्रिया छोटी, सोपी, लवकर घरी सोडणारी म्हणून सर्रास होऊ लागली. बऱ्याच जणींना तिचा उपयोगही झाला. पण काहींच्या शरीरात ती जाळी योनीच्या भिंतीत, मूत्राशयात रुतली, नसा दुखावल्या. चालणं बंद झालं, नवऱ्याजवळ जाणं बंद झालं, नोकऱ्या गेल्या. आणि डॉक्टर सांगत राहिले की दुखणं जाळीचं नाही. ती काढणंही सोपं नाही, कारण आजूबाजूचं मांस तिच्या छिद्रांतून वाढलेलं असतं. पूर्ण काढली असं सांगितल्यावरही तुकडे आत राहिल्याच्या तक्रारी झाल्या.

आता बंदीबद्दल. वैद्यकीय उपकरणांना परवानगी देणं किंवा नाकारणं हा अधिकार एडिनबराकडे, म्हणजे स्कॉटलंडच्या सरकारकडे नाहीच, तो लंडनच्या ब्रिटिश सरकारकडे आहे. स्कॉटलंडच्या आरोग्यमंत्र्याला ते उपकरण बाजारातून हटवता येत नव्हतं. तो आपल्या आरोग्य मंडळांना ‘वापरू नका’ एवढंच सांगू शकत होता. तेही कधी घडलं पाहा. दोन स्त्रियांनी ‘मेश सर्व्हायव्हर्स’ या जाळीचा त्रास झालेल्या बायकांच्या गटाच्या वतीने अर्ज क्रमांक 1517 दाखल केला. वापर थांबवा, स्वतंत्र चौकशी करा, दुष्परिणाम कळवणं डॉक्टरांवर सक्तीचं करा, नोंदवही ठेवा, बाईला सगळे धोके सांगूनच संमती घ्या, अशा मागण्या होत्या. समितीने त्यांना समोर बसवून ऐकलं, मग मंत्र्याला बोलावलं. जून 2014 मध्ये आरोग्यमंत्री ॲलेक्स नील यांनी समितीपुढेच वापर स्थगित करायची विनंती मंडळांना करत असल्याचं जाहीर केलं. अर्ज आल्यापासून काही आठवड्यांत!

तुमचा मुद्दा खरा ठरतो तो यानंतर. विनंती ही विनंतीच असते. स्थगितीनंतरही काही रुग्णालयांत जाळ्या बसवल्या गेल्या. स्वतंत्र चौकशीचा अंतिम अहवाल 2017 च्या मार्चमध्ये आला तोवर त्या दोघी चौकशीतून बाहेर पडल्या होत्या, कारण आपलं म्हणणं धुऊन टाकलं जातंय असं त्यांना दिसत होतं. ही चौकशी सरकारने नेमलेली होती, समितीने नाही. तुमच्या प्रतिक्रियेत दोन्हींची सरमिसळ झाली आहे आणि माझं सगळं म्हणणं नेमकं या फरकावर उभं आहे. सरकारच्या दृष्टीने अहवाल आला म्हणजे प्रकरण संपलं होतं. समितीने मात्र अर्ज बंद केला नाही. चौकशी कशी चालली हे तपासायचं काम ग्लासगो कॅलेडोनियन विद्यापीठाच्या प्राध्यापिका ॲलिसन ब्रिटन यांच्याकडे गेलं आणि त्यांनी तिच्या कारभारातल्या उणिवा दाखवून दिल्या. समितीने ऑगस्ट 2018 मध्ये स्वतःचा अहवाल दिला. सप्टेंबरमध्ये नंतरच्या आरोग्यमंत्री जीन फ्रीमन यांनी जाळी वापरणं पूर्ण थांबवायला सांगितलं.

अर्ज बंद न करणं ही तुम्हाला क्षुल्लक गोष्ट वाटेल. मला ती त्या समितीची सर्वांत मोठी ताकद वाटते. तिला हुकूम काढता येत नाही. पण अर्ज उघडा आहे तोवर खात्याला लेखी उत्तर द्यावं लागतं, ते उत्तर अर्जदाराला मिळतं, त्यावर अर्जदार परत लिहितो आणि हे सगळं जाहीर नोंदीत राहतं. तिथे अर्ज करायला एक सही पुरते. आपल्याकडे लोकसभेत विनंती अर्ज मांडायचा तर खासदाराची प्रतिस्वाक्षरी लागते.

श्रेयाबद्दल. कार्लॉ एकटे नव्हते, हे मूळ लेखातही होतं. मजूर पक्षाचे नील फिंडली आणि मंत्रिपद सोडल्यानंतर सत्ताधारी स्कॉटिश नॅशनल पार्टीचे स्वतः ॲलेक्स नील हे त्यांच्याबरोबर होते. तीन पक्षांचे तिघे एकाच प्रश्नावर वर्षानुवर्षं सभागृहात उभे राहत होते, म्हणून सरकारला याला पक्षीय भांडण म्हणून झटकता आलं नाही. विरोधी बाकावरच्या सदस्याने दुसरं काय करायला हवं होतं, ते तुम्ही सांगा. जुलै 2021 मध्ये सरकारने ब्रिस्टलचं खासगी रुग्णालय आणि अमेरिकेतल्या मिसुरीतले शल्यविशारद डायोनिसिओस व्हेरोनिकिस यांच्याकडून मोफत शस्त्रक्रियेचा मार्ग जाहीर केला. ज्यांनी आधीच पदरमोड करून जाळी काढून घेतली होती त्यांचा खर्च परत द्यायचा कायदा जानेवारी 2022 मध्ये मंजूर झाला. घर गहाण टाकणाऱ्या बाईसाठी हा कायदा कागदी नाही.

दिरंगाईचं समर्थन मी करणार नाही. डंडी युनायटेड या स्कॉटिश क्लबचे फुटबॉलपटू फ्रँक कोपेल यांना साठीच्या आतच स्मृतिभ्रंश झाला. 65 वर्षांखालच्यांना वैयक्तिक शुश्रूषा मोफत मिळत नव्हती, म्हणून त्यांच्या पत्नीने 2013 मध्ये याच समितीकडे अर्ज केला. कोपेल एप्रिल 2014 मध्ये गेले, पासष्टावं लागून तीन आठवडेही झाले नव्हते. नियम बदलला 1 एप्रिल 2019 ला. याचा राग यायलाच हवा. पण तो अर्ज इतकी वर्षं दाबून धरणारी समिती नव्हती. पैशाचा निर्णय मंत्रिमंडळाच्या हातात होता.

राहिला हर्नियाचा प्रश्न. ‘मग घरच्यांची जाळीही काढून घ्यायची का?’ असं तुम्ही विचारता. नाही, घाबरून तसं काही करू नका. सगळ्याच शस्त्रक्रियांतली जाळी थांबवा, असा एक वेगळा अर्ज त्याच समितीकडे आला होता आणि 2021 मध्ये समितीचे अध्यक्ष झालेल्या कार्लॉ यांच्यासमोर तो चालला. सरकारने तिथे स्थगिती मान्य केली नाही. हर्नियाच्या जाळीने हर्निया परत होण्याचं प्रमाण कमी होतं, हेही खरं आहे. समितीने लक्ष घातलं ते जाळीविना, शरीरातल्याच ऊतींनी हर्निया शिवायचं कौशल्य शल्यविशारदांकडे टिकून आहे का, रुग्णाला तो पर्याय सांगितला जातो का, या प्रश्नात. तुमच्या घरी कुणाला शस्त्रक्रिया सुचवली असेल तर सही करण्याआधी सर्जनला हेच विचारा: जाळीशिवाय जमेल का, नसेल तर का, आणि पुढे दुखत राहिलं तर ती काढणारं कोण आहे.