होतकरू फितुरांस काही सूचना

फितुरीचा गुण अंगी असेल तर तो वाया घालवू नका, सरळ मध्ययुगीन दरबार गाठा. तिथे गादीचा वारस ठरवायचा पक्का नियम नाही. थोरला मुलगा, धाकटा भाऊ, पुतण्या, जावई, लाडका गुलाम, ज्याच्या हाती त्या रात्री किल्ल्याच्या चाव्या तो वारस. अनुभवाची अट नाही. पूर्वी कुणाला दगा दिलेला असला तर तेवढं आडून सुचवावं, उगाच मिरवू नये.

पहिला धडा देवगिरीचा. यादवांचा राजा कृष्ण वारला तेव्हा मुलगा रामचंद्र लहान होता, म्हणून भाऊ महादेव गादीवर बसला. पुतण्या मोठा झाला, पण गादी परत करायची राहून गेली. अशा गोष्टी राहूनच जातात. महादेवामागे १२७१च्या सुमारास त्याचा मुलगा आम्मण बसला. आम्मणाला नाचगाण्याचा भारी शौक. महानुभाव ग्रंथांत हकिकत येते ती अशी: रामचंद्राने आपली माणसं नटांच्या वेशात किल्ल्यात घातली, खेळ सुरू झाला आणि ऐन रंगात आल्यावर नटांनी प्रेक्षकालाच धरलं. पुढे आम्मणाचे डोळे काढले. देवगिरीचा किल्ला बाहेरून फोडणं अवघड, हे सगळ्यांना ठाऊक. म्हणून तटाची उंची मोजत बसू नका, आत बसलेल्याला काय आवडतं ते शोधा. दार तोच उघडतो.

या प्रकरणातला खरा उस्ताद मात्र वेगळाच. हेमाद्री पंडित महादेवाच्या पदरी होते आणि महादेवाच्या मुलाचे डोळे काढणाऱ्या रामचंद्राच्याही पदरी राहिले. राजा कुणीही असो, दफ्तर सांभाळणारा माणूस लागतोच. पण तुम्हाला कारकुनी नको असणार, तुम्हाला गादी हवी. तर पुढे चला.

पुढचा मुक्काम कडा, गंगाकाठ, साल १२९६. अलाउद्दीन खिलजी हा सुलतान जलालुद्दीनचा पुतण्या आणि जावई. त्याने दिल्लीला न कळवता याच रामचंद्राची देवगिरी लुटली. आता ती लूट सासऱ्याच्या पायाशी ठेवायची की सासऱ्यालाच बाजूला करायचं, असा पेच. अलाउद्दीनचा भाऊ अल्मास बेग याने सुलतानाला रडत सांगितलं, की पोर तुमच्या रागाला इतकं घाबरलंय की रुमालात विष बांधून फिरतंय, तुम्हीच जाऊन त्याची समजूत काढा. म्हातारा विरघळला. शहाण्या सरदारांनी अडवलं तरी नावेत बसून, मोजकी माणसं घेऊन निघाला. पुतण्या पाया पडला, काकाने गाल कुरवाळला, आणि ठरलेल्या माणसाने वार केला. माया करणारा नातलग हाताशी असेल तर सैन्याचा खर्च वाचतो, हे लक्षात ठेवा. शत्रू एवढा जवळ येत नाही.

मग दिल्लीची वाट. प्रत्येक मुक्कामाला सोन्याच्या चांदण्या फेकयंत्राने गर्दीत उधळल्या, असं इतिहासकार बरनी लिहितो. ते सोनं देवगिरीचं. कालपरवापर्यंत जलालुद्दीनच्या मिठाला जागणारे सरदार मणांनी सोनं घेऊन अलाउद्दीनकडे आले. नीट वाचा, कारण बहुतेक होतकरू इथेच घसरतात. गादी पक्की झाल्यावर अलाउद्दीनने याच सरदारांना पकडलं. कुणाचे डोळे गेले, कुणाचा जीव गेला, दिलेलं सोनं जहागिरींसकट परत खजिन्यात जमा झालं. ज्यांनी पैसा घेतला नाही आणि धन्याची मुलं सोडली नाहीत असे तीन सरदार होते. त्यांना हात लावला नाही. सुलतानाचं तर्कशास्त्र बिनतोड होतं: पैसे घेऊन आलेला माणूस पैसे घेऊन जातो, हे त्याने स्वतःच पैसे देऊन तपासलं होतं.

अलाउद्दीनच्या लाडक्या सेनापतीने, मलिक काफूरने, तरी काही शिकावं की नाही? १३१६च्या जानेवारीत अलाउद्दीन गेला. काफूरने एका लहान मुलाला गादीवर बसवलं, मोठ्या शाहजाद्यांचे डोळे काढले आणि उरलेल्या मुबारककडे पायिकांची, म्हणजे पायदळी पहारेकऱ्यांची, टोळी धाडली. मुबारकने गळ्यातला रत्नहार त्यांच्यापुढे धरला आणि बापाचं मीठ आठवून दिलं. टोळी परत फिरली, तिने काफूरलाच मारलं. उणेपुरे पस्तीस दिवस कारभार झाला. मग पायिक छाती काढून फिरू लागले, सुलतान आम्ही बसवतो म्हणून. मुबारकने त्यांना वेगवेगळ्या ठिकाणी पांगवलं आणि मारून टाकलं. चार वर्षांनी मुबारकला त्याच्या लाडक्या खुस्रो खानाने मारलं. खुस्रोचं पुढे काय झालं हे आता तुम्हीच सांगू शकाल.

तलवारीचा कंटाळा असेल तर बदनामी वापरा, स्वस्त पडते. दिल्लीच्या गादीवर बसलेल्या रझियाने याकूत नावाच्या हबशाला घोड्यांच्या पागेचा मुख्य अधिकारी केलं. तुर्की सरदारांचं खरं दुखणं असं, की मोक्याची पदं आपल्यातच वाटून घ्यायची त्यांची रीत होती. पण पदासाठी भांडलं तर शोभत नाही. शीलासाठी भांडलं तर शोभतं. दिल्लीतच असलेला इतिहासकार मिन्हाज इतकंच लिहितो, की याकूतला सुलतानाची, म्हणजे रझियाची, जवळीक लाभली. शंभर वर्षांनंतर, दख्खनमध्ये बहमनी सुलतानांच्या आश्रयाला बसून इसामी या कवीने याकूतला दंडाला धरून रझियाला घोड्यावर चढवायला लावलं आणि बायकांनी चरखा कातावा असा शेराही मारला. साक्षीदार जितका लांबचा, तितकं त्याला स्पष्ट दिसतं.

आता बीदरची कामगिरी. हिच्यापुढे बाकीचे सगळे उमेदवारच. महमूद गावान हा बहमनींचा वजीर, इराणातून आलेला. त्याने चार तरफांच्या, म्हणजे प्रांतांच्या, आठ केल्या आणि प्रत्येक तरफदाराकडे एकच किल्ला ठेवून बाकीचे थेट सुलतानाच्या ताब्यात दिले. म्हणजे राज्य मजबूत केलं. हा गुन्हा कुणीही सरदार माफ करत नाही. दख्खनी, म्हणजे इथल्याच सरदारांच्या, गटाने वजिराचा शिक्का सांभाळणाऱ्या मोहरदाराशी दोस्ती केली, त्याला दारू पाजली आणि कोऱ्या कागदावर वजिराचा शिक्का मारून घेतला. वर मजकूर लिहिला: ओरिसाच्या राजाने चाल करून यावं, इथले लोक या दारुड्या सुलतानाला विटलेत. कागद पाहायला सुलतान तिसरा मुहम्मदशहाही पिऊनच बसला होता. या कटात शुद्धीवर असलेला माणूस फक्त आरोपी. मित्रांनी त्याला गुजरातेत पळून जायला सांगितलं, तो गेला नाही. शिक्का माझा, पत्र माझं नाही, एवढंच म्हणाला. ५ एप्रिल १४८१ रोजी सत्तरी ओलांडलेल्या वजिराचं डोकं उडवलं.

नंतर सुलतानाने मोठ्या आशेने वजिराचा खजिना मागवला. त्याच्या खाजगी थैलीत निघाल्या ३०० लारी, म्हणजे चांदीची नाणी. पुस्तकं मात्र पुष्कळ होती, ती बीदरच्या मदरशात. अशा निःस्पृह माणसाला मारण्यात हीच अडचण आहे, हाती काही लागत नाही. भले सरदार सुलतानाच्या छावणीपासून लांब तंबू ठोकू लागले. वर्षभरात सुलतान गेला. गावान आपल्याला फाडून खातोय असं ओरडत गेला, असं इतिहासकार फरिश्ता सांगतो. राज्याचे पुढे पाच तुकडे झाले.

कटामागचा मोठा माणूस मलिक हसन बहिरी. गावानची जागा त्यालाच मिळाली. १४८६ साली नवा सुलतान उलटला तेव्हा ज्याच्या भरवशावर तो बीदरला पळून आला, त्या किल्लेदारानेच त्याचा गळा आवळला. मेहनत मात्र फुकट गेली नाही. त्याचा मुलगा मलिक अहमद त्या वेळी जुन्नरकडे होता, सुखरूप. १४९० साली त्याने निजामशाही काढली आणि ती एकशे चाळीसेक वर्षं चालली. तेव्हा मोहरदाराला दारू पाजायला निघण्याआधी एवढं करा: मुलगा कर्ता झाला असेल तर त्याला आधी जुन्नरला पाठवून द्या.