बारा तासांची संमती

सप्टेंबर २०२५मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने कारखान्यातल्या कामाच्या दिवसाची मर्यादा नऊ तासांवरून बारा तासांवर न्यायचं ठरवलं. तेव्हापासून ठाण्यातल्या आमच्या घरच्या ग्रुपवर यावरून जुंपलेली आहे. आठवड्याचे ४८ तास कायम, त्यापुढचं काम ओव्हरटाइम, आणि तिमाहीत ओव्हरटाइम ११५ऐवजी १४४ तासांपर्यंत. हे सगळं कामगाराच्या लेखी संमतीनेच, असंही सरकार सांगतं. त्याआधी २०२३मध्ये नारायण मूर्तींनी तरुणांना आठवड्याला ७० तास काम करायला सांगितलं होतं, जानेवारी २०२५मध्ये एल अँड टीच्या अध्यक्षांचे ९० तास आले. त्या दोन्ही वेळी घरात दोन दिवस चर्चा झाली आणि विरली. या वेळी तसं झालं नाही, कारण या वेळी प्रश्न आमच्या माणसांच्या पोटाचा आहे. माझ्या मावसभावाचं, दादाचं, वागळे इस्टेटमध्ये छोटं वर्कशॉप आहे. आणि धाकट्या मामाचा मुलगा बदलापूरहून येऊन तिथल्याच दुसऱ्या एका कंपनीत ठेकेदाराकडून मशीनवर उभा राहतो.

मी श्टुटगार्टजवळ एका यंत्रनिर्मिती कंपनीत काम करते. त्यामुळे "जर्मनीत कसं असतं ते सांग," अशी फर्माईश होते, आणि सांगितलं की "तुला तिकडे बसून बोलायला काय जातं" हेही ऐकावं लागतं. दोन्हींत तथ्य आहे.

इथे कायद्याने दिवस आठ तासांचा. तो दहापर्यंत ताणता येतो, पण सहा महिन्यांची सरासरी आठवर यावी लागते. एक पाळी संपल्यावर दुसरी सुरू होईपर्यंत ११ तासांची विश्रांती द्यावीच लागते. वर्षाला एका कामगारामागे सरासरी कामाचे तास साधारण १३४०, श्रीमंत देशांत सर्वांत कमी. एवढं सांगितलं की घरचे म्हणतात, श्रीमंत आहेत म्हणून परवडतं. मला मात्र तासांच्या आकड्यापेक्षा ते तास ठरतात कसे, ते महत्त्वाचं वाटतं.

गेल्या हिवाळ्यात आमच्याकडे ऑर्डरींचा लोंढा आला. उत्पादन विभागाला काही शनिवार हवे होते. इथल्या कायद्याप्रमाणे, कंपनीत कामगारांनी निवडून दिलेली समिती असेल, तर तिच्या मंजुरीशिवाय तात्पुरतेही तास वाढवता येत नाहीत. पाच कामगारांच्या कंपनीतही अशी समिती निवडता येते. आमच्या समितीतला एक जण पूर्वीचा लेथवाला. उत्पादनप्रमुखाबरोबर टेबलाशी बसून त्याने यादी नावागणिक तपासली. हिचं मूल लहान आहे, हिला वगळा. याच्या पाठीचं ऑपरेशन झालंय. हे दोघे मागच्या वेळीही आले होते. शेवटी मागितलेल्यांतले निम्मे शनिवार मिळाले आणि उरलेल्या कामासाठी बाहेरून दोन माणसं घ्यावी लागली. नाही म्हणण्याचं ओझं त्या बाईवर आलं नाही, पाठ दुखणाऱ्यावरही आलं नाही. ते समितीने उचललं.

आता मामाच्या मुलाकडे पाहा. ठेकेदार कागद पुढे करेल, सही कर म्हणेल. न करणाऱ्याला पुढच्या महिन्यापासून गेटवर हजेरी लागणार नाही, हे त्याला कुणी सांगायची गरज नाही. बारा तास मशीनवर, त्यात बदलापूर ते ठाणे लोकल, स्टेशनपासून शेअर रिक्षा, आणि रात्री हाच प्रवास उलट. ९ जून २०२५ला दिवा आणि मुंब्र्याच्या मध्ये गच्च भरलेल्या लोकलच्या दारातून माणसं रुळांवर पडली, जीव गेले. त्या मार्गावरचा प्रवास कुठल्याच हजेरीपुस्तकात धरला जात नाही. घरी पोचून जेवून पाठ टेकेपर्यंत याच्याकडे झोपेचे पाच-सहा तास उरतील. मुलीची वही बघायला एक मिनिट नाही.

हा प्रश्न पगाराच्या आकड्याने सुटत नाही. ओव्हरटाइम दुप्पट मिळाला तरी नाही. म्हणूनच मला मानवेंद्रनाथ रॉय आठवतात. ज्यांनी आयुष्यभर भांडवलशाहीशी झुंज दिली आणि १९२९मध्ये कम्युनिस्ट इंटरनॅशनल या जगभरच्या कम्युनिस्ट पक्षांच्या संघटनेतूनही बाहेर काढले गेले, ते रॉय. विसाच्या दशकात बर्लिनमध्ये राहिलेले, १९३१ला मुंबईत पकडले गेलेले, पाच वर्षं तुरुंगात काढलेले. १९४६मध्ये त्यांनी नवमानवतावादाची २२ प्रमेयं मांडली. महाराष्ट्रात तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी त्यांचे सहप्रवासी होते, त्यामुळे हा विचार मराठीला परका नाही. रॉय यांचं म्हणणं असं, की समाजव्यवस्था चांगली की वाईट हे राष्ट्राच्या किंवा वर्गाच्या नावाने ठरवायचं नाही. हाडामांसाच्या एका माणसाच्या शक्ती फुलायला तिथे किती वाव आहे, यावर ठरवायचं. उत्पादन माणसाच्या गरजेसाठी, नफ्यासाठी नाही. आणि सत्ता वर कुठे साठू न देता खालच्या लोकसमित्यांकडे, जिथे माणूस माणसाला ओळखतो. भांडवलदाराच्या जागी सरकार नावाचा मालक बसवला म्हणजे माणूस मोकळा झाला, असं त्यांनी मानलं नाही. हा पर्याय मला आजही सगळ्यांत प्रामाणिक वाटतो.

आणि त्याला ठाण्याची मुळं आहेत. नारायण मेघाजी लोखंडे ठाण्यात जन्मले. जोतीरावांचे सत्यशोधक सहकारी, १८८४मध्ये त्यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांची पहिली संघटना उभी केली. तेव्हा गिरणीत आठवड्याची सुट्टी नव्हती. १८९०च्या एप्रिलमध्ये हजारो कामगारांची सभा झाली, तीत दोन कामकरी बायाही बोलल्या. १० जून १८९०ला मालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. आज ठाण्यात मॉलमध्ये रविवारी जी गर्दी उसळते, तिच्यातल्या किती जणांना हे नाव ठाऊक असेल? जर्मनीत रविवार राज्यघटनेतच आहे. कामापासून विश्रांतीचा आणि मनाच्या उन्नतीचा दिवस म्हणून १९१९च्या घटनेतून तो आजच्या घटनेत आला. रविवारी इथे दुकानं बंद असतात. पहिल्या वर्षी मला ही गैरसोय वाटायची, आता आई-मुलं नदीकाठी निवांत बसलेली दिसली की लोखंड्यांनी हेच मागितलं होतं असं वाटतं.

इथलं सगळं आलबेल आहे असं मात्र नाही. चान्सेलर मेर्त्स यांनी २०२५मध्ये सत्तेवर येताच सांगितलं, की चार दिवसांचा आठवडा आणि कामाबाहेरच्या आयुष्याचा तोल सांभाळत बसलो तर देशाची समृद्धी टिकणार नाही. दिवसाची मर्यादा काढून फक्त आठवड्याची ठेवायचा इथल्या सरकारचाही विचार आहे. म्हणजे मुंबईतला युक्तिवाद बर्लिनमध्येही चालतो. शिवाय इथल्या निवांत रविवारामागे परक्यांचे कष्ट आहेत. २०२० साली कोरोनाच्या साथीत इथल्या कत्तलखान्यांत शेकड्यांनी कामगार आजारी पडले, तेव्हा कळलं की ते ठेकेदारांनी रुमानिया-बल्गेरियातून आणलेले होते आणि एकेका खोलीत दाटीने राहत होते. निवडलेली समिती त्यांच्यापर्यंत पोचत नव्हती, कारण कागदोपत्री ते त्या कंपनीचे नव्हतेच. २०२१पासून कायद्याने कत्तलखान्यातली ही ठेकेदारी बंद झाली. पार्सल पोचवणाऱ्यांत ती अजून आहे. रॉय यांचं माप इथेही लावायला हवं, आणि ते लावलं की जर्मनीही पुष्कळ ठिकाणी नापास होते.

तरी एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. एकट्याची संमती ही संमती नसते. सही घेणारा आणि सही करणारा यांचं बळ सारखं नसेल, तर त्या कागदाला अर्थ नाही. आपल्याकडे याची सोय अगदीच नाही, असंही नाही. १९४७च्या औद्योगिक विवाद कायद्यात शंभर किंवा जास्त कामगार असलेल्या ठिकाणी कार्यसमितीची तरतूद होती, तीत कामगारांचे प्रतिनिधी मालकाच्या प्रतिनिधींपेक्षा कमी नसावेत असं होतं, आणि नोव्हेंबर २०२५मध्ये त्या कायद्याच्या जागी आलेल्या औद्योगिक संबंध संहितेतही ती आहे. पण तिचं काम सलोखा राखण्याचं, नाही म्हणण्याचा अधिकार तिला नाही. तो द्या. बारा तासांची मंजुरी कार्यसमितीतल्या कामगार प्रतिनिधींच्या बहुमताने, हात वर करून नको, गुप्त मतदानाने, आणि ठेकेदाराच्या माणसांनाही मत. तामिळनाडूने २०२३मध्ये बारा तासांचं विधेयक विरोधानंतर १ मेला मागे घेतलं, त्यामुळे महाराष्ट्रात काही बदलणारच नाही असं मानायचं कारण नाही.

दादाला हे लिहून पाठवलं. त्याच्याकडे शंभर सोडा, चौदा माणसं आहेत. मी सुचवलं, की वागळे इस्टेटमध्ये लघुउद्योजकांची संघटना चालते, तशी एका गल्लीतल्या गाळ्यांच्या कामगारांची मिळून एक समिती का नसावी? त्याने फोनच केला. म्हणाला, "मला बारा तास नकोच आहेत गं. बाराव्या तासाला जॉब बिघडतो, मटेरियल वाया जातं. पण मोठी कंपनी शुक्रवारी ड्रॉइंग पाठवते, सोमवारी माल मागते, आणि पैसे चार महिन्यांनी देते. पंचेचाळीस दिवसांत पैसे द्यायचा कायदा २००६पासून आहे. तक्रार केली तर पुढची ऑर्डर कोण देईल? मी कुणाच्या समितीत जाऊ?"

मामाच्या मुलासारखाच तोही नाही म्हणू शकत नाही, फक्त त्याच्या पुढ्यात कागद ठेवणारा मोठा आहे. त्यामुळे मागणीत त्याचंही कलम हवं. लहान पुरवठादाराचे पैसे ४५ दिवसांत आले नाहीत तर तक्रार त्याने एकट्याने नव्हे, संघटनेने तिच्या नावाने करायची, त्याचं नाव पुढे न आणता. तो म्हणाला, हे जमलं तर गल्लीच्या समितीच्या पहिल्या बैठकीला त्याचा गाळा मोकळा करून देईन.