पॅनल जळलेलं नाही, आधी एक स्क्रीनशॉट काढून बघा

आमच्या फॅमिली ग्रुपवर तीन दिवस एक मेसेज फिरतोय, मी दुर्लक्ष करत होतो, पण काल मावशीचा फोन आला, "अरे नवीन मॉनिटर घ्यावा लागणार बहुतेक, कुठला घेऊ?" मावशी नाशिकला घरून पुस्तकांची प्रुफं तपासते. 2014 चा मॅक मिनी, म्हणजे ॲपलचा छोटा कॉम्प्युटर, आणि 24 इंची साधा फुल एचडी मॉनिटर. गेल्या आठवड्यात मॅकओएसची (मॅकची ऑपरेटिंग सिस्टीम) जुनी आवृत्ती हाय सिएरा होती, त्यावरून थेट नंतरची मॉन्टेरे टाकली आणि तेव्हापासून अक्षरं धूसर. मेसेज म्हणतो की अपग्रेडमुळे जुन्या स्क्रीनचं पॅनल जळतं, कंपनी ते मुद्दाम करते, धूसर अक्षरांनी चष्म्याचा नंबर कायमचा वाढतो, 4के (फुल एचडीच्या चौपट पिक्सेलचा) मॉनिटर हाच एकमेव उपाय, आणि खाली परत टर्मिनलमधे (मॅकला टाइप करून हुकूम द्यायची खिडकी) टाकायची एक कमांड दिलीय की ही टाका, सगळं पहिल्यासारखं होईल. एकमेव उपाय 4के असेल तर कमांड कशाला?

सगळ्यात आधी ते पॅनल, कारण तिच्या इथल्या एका दुकानदाराने पण हेच सांगून खर्च कळवलाय आणि मावशी पैसे द्यायला निघाली होती. मी तिला म्हटलं, थांब, कीबोर्डवरची कमांड, शिफ्ट आणि 3 ही बटणं एकत्र दाब, जो स्क्रीनशॉट येईल तो मला पाठव. स्क्रीनशॉट म्हणजे मॅकने आतल्या आत तयार केलेलं चित्र, त्यात मॉनिटरचा काही संबंधच येत नाही. मी ते माझ्या फोनवर झूम करून बघितलं तर प्रत्येक कान्याच्या दोन्ही बाजूंना राखाडी कड, अनुस्वाराचा नुसता ठिपका पसरलेला. म्हणजे धूसरपणा चित्रातच आहे, तो तिच्या पॅनलमधून माझ्या फोनवर कसा येईल? उलट स्क्रीनशॉट स्वच्छ आणि स्क्रीनवर मात्र धूसर असं असेल तर मग रिझोल्यूशन 1920 बाय 1080 वरच आहे का ते बघा, केबल बदलून बघा, कधीकधी मॅक एचडीएमआयवरच्या मॉनिटरला टीव्ही समजतो आणि अक्षरांच्या कडा खराब होतात. पॅनलचा विचार हे सगळं झाल्यावर.

मग झालंय काय? एलसीडीच्या एका पिक्सेलमधे लाल, हिरवी, निळी अशा तीन उभ्या पट्ट्या असतात. जुनं मॅकओएस अक्षराची कड काढताना या पट्ट्या वेगवेगळ्या वापरायचं, त्यामुळे आडव्या दिशेने जवळजवळ तिप्पट बारकावा मिळायचा. 2018 च्या मोहावे आवृत्तीमधे हे बंद झालं आणि 2020 च्या बिग सर आवृत्तीमधे तर सेटिंगमधला फॉन्ट स्मूदिंगचा (अक्षरांच्या कडा गुळगुळीत करायचा) चौकोन पण गेला. मोहावेच्या वेळच्या ॲपलच्याच डेव्हलपर नोट्समधे आहे की नवीन ॲप्सच्या विंडो आता कोअर ॲनिमेशनमधून दाखवल्या जातात, म्हणजे मजकूर वेगळ्या थरावर काढून ग्राफिक्स चिप ते थर एकावर एक ठेवते. ती पट्ट्यांची युक्ती करायला अक्षराखाली नेमका कुठला रंग आहे हे आधी माहीत लागतं, थर पारदर्शक असला की ते कळत नाही. 27 इंची 5के आयमॅकवर इंचाला 218 पिक्सेल, तिथे फरक डोळ्याला दिसत नाही. मावशीच्या मॉनिटरवर इंचाला 92.

आणि मराठीत हे जास्त टोचतं कारण आपल्याकडे काना, वेलांटी, जोडाक्षरातले दांडे, सगळं उभं. शिरोरेषा आडवी, तिला त्या युक्तीचा आधीही फायदा नव्हता, पण "कि" की "की" हे दिवसभर बघणाऱ्या बाईला उभ्या दांड्याची कड लागतेच.

कंपनी मुद्दाम करते यात अर्धं खरं आहे, ते मान्य करतो. निर्णय जाणूनबुजून घेतलेला आहे आणि कमी पिक्सेलवाल्यांचा त्यात विचार झाला नाही असं माझं स्पष्ट मत आहे. पण स्क्रीन जाळायला? मोहावे आलं तेव्हा ॲपल स्वतः 1440 बाय 900 चा जुना मॅकबुक एअर विकत होती, 2019 च्या जुलैपर्यंत, आणि अक्षरं त्याच्यावर पण तशीच दिसायची.

नंबर कायमचा वाढतो हे साफ खोटं. डोळे थकतात, डोकं दुखतं, हे खरं आणि त्रासाचंच आहे, पण मावशी 58 वर्षांची आहे, जवळचं वाचायचा नंबर या वयात बदलतोच. डोळे तपासून घ्या, मेसेज वाचून घाबरू नका.

4के ने अक्षरं सुधारतात, नक्की सुधारतात. पण 2014 चा मिनी एचडीएमआयमधून 4के 30 हर्ट्झलाच देतो, म्हणजे चित्र सेकंदाला 30 वेळाच बदलतं, माऊस तुटक हलतो, आणि हे मेसेज लिहिणाऱ्याने कुठेच सांगितलेलं नाही. मेसेजमधल्या टर्मिनलच्या कमांडचं म्हणाल तर मोहावेमधे तिचा थोडा उपयोग व्हायचा, बिग सरपासून पुढे अक्षरं जाड-बारीक होतात एवढंच.

मावशीचं मॉनिटर घेणं सध्या थांबवलंय. प्रूफची पीडीएफ 150 टक्क्यांवर ठेवून काल तिने एक प्रकरण तपासलं, अनुस्वार दिसतायत म्हणाली. दुकानदाराला नको म्हणून कळवलंय, आणि तिचा स्क्रीनशॉट मी ग्रुपवर त्या मेसेजच्या खालीच टाकलाय.