हिंट नको, पण दे

'शिक्षकांची गाडी चालवते राज्य', अक्षरं चार. बघा बरं. शिक्षक म्हणजे सर, गाडी म्हणजे कार, आणि राज्य चालवतं कोण, तर सरकार. एका टोकाला अर्थ आणि उरलेल्यात शब्दाची मोडतोड, एवढंच गूढ शब्दकोड्याचं व्याकरण. हे कळायला मला फार वेळ लागला नाही, पण कळलं म्हणून सुटतं असं अजिबात नाही. रविवारी सकाळी सातला कोडं येतं आणि आमच्याकडे त्या दिवशी पोहे गार खायची पद्धत आहे.

खरं सांगू, कोड्याचा त्रास नाही, त्रास हिंटांचा आहे. आम्ही चारपाच जण मिळून सोडवतो आणि नियम एकच, बुधवारपर्यंत उत्तर फोडायचं नाही, अडलेल्याला फक्त हिंट द्यायची. आता हिंट देणं ही कला आहे आणि ती आमच्यात कुणालाच येत नाही. मावसबहीण शिकागोला असते, तिथे तेव्हा शनिवारची संध्याकाळ, त्यामुळे आपण चहा गाळेपर्यंत तिचा मेसेज येऊन पडलेला असतो, 'झालं!! या वेळी सोप्पं होतं गं.' ही हिंट आहे का? हा छळ आहे. खालच्या मजल्यावरचे काका त्याच्या उलट, त्यांना हिंट मागितली की ते आधी इतिहास सांगतात. पहिलं शब्दकोडं १९१३ च्या डिसेंबरात न्यूयॉर्कच्या पेपरात आलं, मग १९२६ पासून लंडनच्या 'ऑब्झर्व्हर'मध्ये कोडी घालणाऱ्याने टोपणनाव घेतलं टोर्केमाडा, म्हणजे स्पेनमधला धर्मछळाचा मुख्य अधिकारी, पुढच्यांनी पण त्याच खात्यातली नावं उचलली, एकाने तर तसल्याच डेझा नावाच्या माणसाला उलटं करून 'अझेड' केलं. (कोडं घालणाऱ्यांनी स्वतःहून एवढा प्रामाणिकपणा दाखवलाय, याचं मला कौतुक वाटतं.) शिवाय १९४२ मध्ये 'टेलिग्राफ'ने बारा मिनिटांत कोडं सोडवायची स्पर्धा घेतली आणि त्यातल्या काहींना पुढे युद्धातले गुप्त संदेश फोडायच्या कामाला बोलावलं. हे सगळं ऐकून होतं, पण आपला आडवा सात नंबर जिथे होता तिथेच.

गेल्या रविवारचा आडवा सात हा असा होता, 'त्यांना शिकवताना मधेच लागतं द्राक्षांचं गाव', अक्षरं तीन. नवरा मूळचा सांगलीचा. तो कोड्याच्या वाटेला कधी जात नाही, पण त्या दिवशी माझ्या खांद्यावरून वाचलं आणि 'सांगली!' म्हणून मोकळा झाला, वर पेन घेऊन प्रिंटवर लिहिलं सुद्धा. पेनने! मी पेन्सिल वापरते, रबर जवळ ठेवते, निदान चौकटीला मान देते. म्हटलं अरे पण 'त्यांना शिकवताना' कुठे गेलं? तर म्हणे ते असंच, वातावरणनिर्मिती.

काकांना फोन केला. ते म्हणाले, "अगं नुसतं वाच. भराभर वाच, मधे श्वास घेऊ नकोस." मी वाचत बसले, त्यांनाशिकवताना त्यांनाशिकवताना, मुलाने येऊन विचारलं आई तुला बरं नाहीये का, आणि तिसऱ्या चौथ्या वेळेला मधलं नाशिक असं दिसलं की इतका वेळ काय बघत होते कळेना.

नवरा मान्य करेना. मग मी उभा शब्द काढला, कारण तो याच्याच शेवटच्या अक्षरापासून सुरू होतो. 'गडबडीत विकता? कवीचा माल आहे हा!' म्हणजे 'विकता'ची अक्षरं हलवायची की कविता, सुरुवात क ने, म्हणजे नाशिकच. आता काय बोलशील? तर तो दोन मिनिटं गप्प बसला आणि म्हणाला, "ली ने सुरू होणारा, विकण्याशी संबंधित, तीन अक्षरी. लिलाव!" अरे लिलावातला लि ऱ्हस्व आहे. "एवढं कोण बघतंय, आणि आमच्या मार्केट यार्डात हळदीचे सौदे निघतात ते काय असतं मग?" बरं कवीचं काय, तर कवीचा पण लिलाव होतो, सध्या बाजारच तसा आहे.

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. वर त्याने शंका काढली की कोडं घालणारा नक्की नाशिकचा असणार, नाहीतर तीन अक्षरात बसत असताना सांगली डावलायचं कारण काय. आणि निकाल लावायला थेट दीराला फोन लावला, स्पीकरवर. "दादा, द्राक्षांचं गाव, तीन अक्षरी?"

तिकडून क्षणभर काहीच आवाज नाही, मग दीर म्हणाले, "तासगाव."