बेल गनेस: प्रश्न विचारला तो भावाने

लग्नाच्या आमिषाने पुरुषांना शेतावर बोलावून मारणाऱ्या बेल गनेसचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला: ती आगीत मेली की पळाली? मला मात्र या प्रकरणात एका बळीचा भाऊ, आस्ले हेल्गेलियन, सर्वांत महत्त्वाचा वाटतो. त्याच्याबद्दल फारच कमी बोललं जातं.

बेल मूळची नॉर्वेतल्या सेल्बूची, 1881 साली अमेरिकेत आली. 1900 मध्ये शिकागोत पहिला नवरा वारला, तोही त्याच्या दोन विमा पॉलिसी एकाच वेळी लागू होत्या नेमक्या त्या दिवशी. पुढच्या वर्षी तिने इंडियानातल्या ला पोर्टजवळ शेत घेतलं. 1902 च्या एप्रिलमध्ये पीटर गनेसशी लग्न केलं, डिसेंबरात तोही गेला. सॉसेजचं यंत्र फळीवरून डोक्यात पडलं, असं तिने सांगितलं. चौकशीत अपघात ठरला.

पुढे तिने नॉर्वेजियन वर्तमानपत्रांत लग्नाच्या जाहिराती दिल्या. महिनोन् महिने पत्रं जायची, तीही मातृभाषेत, खाण्यापिण्याच्या आठवणींसह. परक्या मुलखात एकट्याने शेती करणाऱ्याला याची किती ओढ असेल! मग अट यायची: सगळं विका, रोकड घेऊन या, कुणाला सांगू नका. तिचा सगळा डाव या शेवटच्या अटीवर उभा होता. कुठे गेला हेच घरच्यांना माहीत नसेल, तर शोधायला येणार कोण?

साउथ डकोटाचा अँड्र्यू हेल्गेलियन जानेवारी 1908 मध्ये आला, ला पोर्टच्या बँकेतून सुमारे 2,900 डॉलर काढले आणि नाहीसा झाला. त्याने तिची पत्रं मात्र घरी जपून ठेवली होती. ती भाऊ आस्लेच्या हाती लागली. त्याने बेलला लिहिलं, तिने टोलवाटोलवी केली. मग बँकेकडे विचारणा केली, तेव्हा पैसे काढल्याचं कळलं.

28 एप्रिलला बेलचं घर जळालं. ढिगाऱ्यात तीन मुलं आणि शिर नसलेली एक बाई सापडली. जुना गडी रे लॅम्फेअर अटकेत गेला. सगळे राखेत शिर शोधत होते. ला पोर्टला आलेल्या आस्लेने तिथल्या गड्याला वेगळंच विचारलं: बाईने यंदा कुठे खड्डा खणून घेतला होता का? डुकरांच्या आवारात कचऱ्यासाठी एक खणला होता. 5 मे रोजी तिथेच पोत्यात अँड्र्यूच्या देहाचे तुकडे निघाले. जवळच बेलची पाळलेली मुलगी जेनी ओल्सन हिचा मृतदेह सापडला, जिला बेलने कॅलिफोर्नियाला शिकायला पाठवल्याचं सांगितलं होतं.

40 बळींचा आकडा सर्रास फिरतो. आवारातून निघालेल्या अवशेषांवरून तो सिद्ध होत नाही, कृपया पुढे ढकलू नका.

राखेत दातांचा ब्रिज मिळाला, दंतवैद्याने तो बेलचाच म्हणून ओळखला. लॅम्फेअर खुनातून सुटला, जाळपोळीत दोषी ठरला. पुढे 2008 च्या सुमारास तिच्या पत्रांच्या पाकिटांवरच्या थुंकीतून डीएनए काढायचा प्रयत्न झाला. शंभर वर्षांत तो इतका खराब झाला होता की शिर नसलेल्या देहाशी जुळणी होऊच शकली नाही.