हशा हवाय ना? मग सुराची कटकट कशाला!

पाश्चात्त्य अभिजात संगीत भलत्याच वाद्यावर वाजवून लोकांना हसवायचं ठरवलंत? उत्तम. रियाज तेवढा टाळा. वाद्य विचित्र असलं की काम फत्ते.

सुरुवात बागेच्या पाइपनं करा. 1956 साली लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्ये डेनिस ब्रेननं याच पाइपवर लिओपोल्ड मोझार्टची रचना वाजवली होती. तो त्या काळचा अव्वल हॉर्नवादक (हॉर्न म्हणजे पितळी फुंकवाद्य) होता, पण हा निव्वळ योगायोग समजा. एफ हॉर्नच्या पट्टीसाठी साधारण 3.7 मीटर पाइप लागतो. मोजू नका, नजरेच्या अंदाजानं कापा. अतिशहाणे हातभर जादा ठेवतात आणि ट्यूनर, म्हणजे सूर मोजणारं यंत्र, समोर ठेवून बोटबोटभर छाटत जातात, कारण पाइप आखूड झाला की सूर चढतो आणि छाटलेला तुकडा परत जोडता येत नाही. तुम्ही बिनधास्त छाटा, ऑर्केस्ट्रा येईल चढत तुमच्यामागे! एका टोकाला हॉर्नचा माउथपीस, दुसऱ्याला नरसाळं. माउथपीस सैल बसला तर टेप गुंडाळायच्या फंदात पडू नका, हवेची फुसफुससुद्धा विनोदीच. आता अडचण अशी की या पाइपला ना भोकं ना कळा, सगळे सूर ओठांनीच काढायचे. ओठ आवळत गेलं की एकाच पाइपातून ठरावीक चढत्या क्रमानं सूर निघतात, त्यांना स्वरांश म्हणतात; त्यातला सातवा स्वरांश कोमल निषादाच्याही खाली लोंबतो आणि अकरावा शुद्ध आणि तीव्र मध्यमाच्या अगदी मधोमध अडकतो. कसलेला वादक ते ओठांनी सावरतो किंवा अशा जागा येणारच नाहीत अशी रचना निवडतो. तुम्ही नेमक्या त्याच जागांवर ठिय्या द्या.

गाजराची बासरी करायची तर ती आदल्या दिवशीच कोरून उन्हात ठेवा. व्हिएन्नाचा भाजी-ऑर्केस्ट्रा 1998 पासून प्रत्येक कार्यक्रमाला ताज्या भाजीची नवी वाद्यं कोरतो. वाळलं की गाजर आक्रसतं, भोकं वाकडी होतात आणि लावलेला सूर हलतो, हे त्यांना कुणीतरी उगाच सांगितलेलं दिसतं. भोकं पहिल्याच फटक्यात मोठी पाडा. लहान भोक कोरून सूर चढवता येतो, मोठं भोक मात्र लहान होत नाही. पण चढवत बसायला वेळ कुणाला आहे?

टाइपरायटरच्या सगळ्या कळा चालू असू द्या. लिरॉय अँडरसनच्या 1950 च्या, टाइपरायटर आणि ऑर्केस्ट्राच्या रचनेसाठी दोनच चालू ठेवतात म्हणे, दांड्या एकमेकींत अडकू नयेत म्हणून. शिवाय ते काम तालवादकाकडे देतात. तुम्ही टायपिस्ट बोलवा.

राहिले व्हॅक्यूम क्लीनर. माल्कम अर्नोल्डनं 1956 मध्ये तीन व्हॅक्यूम क्लीनर, एक फरशी पॉलिशचं यंत्र आणि चार रायफलींसाठी ओव्हर्चर, म्हणजे सुरुवातीला वाजवायची ऑर्केस्ट्राची रचना, लिहिलं. मोटरला वेग धरायला क्षणभर लागतो, म्हणून जाणते लोक समेच्या आधीच बटण दाबतात. तुम्ही बरोबर समेवर दाबा. क्लीनरच्या नळीच्या तोंडावर हात ठेवला की हवेचा भार घटतो, मोटर जोरात फिरते आणि आवाज चढतो, तेव्हा हात नक्की ठेवा, विशेषतः व्हायोलिनं हळू वाजत असताना. मूळ रचनेत रायफली या वादकांचा निकाल शेवटाकडे लावतात. तुमच्या मैफलीत त्यांना पहिल्या पानावरच बोलवावं लागेल.