सहिष्णू माणसाला सत्याचा आग्रह असतोच

वादात आवाज चढू लागला की कोणीतरी समजुतीच्या सुरात म्हणते, 'जाऊ द्या, प्रत्येकाचे सत्य वेगळे असते', आणि विषय तिथेच थांबतो. या वाक्यालाच आपण सहिष्णुता समजू लागलो आहोत, याची मला मनापासून काळजी वाटते. जे मला पटलेलेच आहे, किंवा ज्याच्या खरेखोटेपणाशी मला काही देणेघेणे नाही, त्याबाबत सहिष्णू राहण्याचा प्रश्न येतोच कुठे? समोरच्याचे मत चुकीचे आहे अशी खात्री असताना, तसे त्याला स्वच्छ सांगत असताना, ते मांडण्याचा त्याचा हक्क मान्य करणे, इथे सहिष्णुतेचा कस लागतो.

टिळक आणि आगरकर १८८२ साली कोल्हापूर प्रकरणातील, म्हणजे कोल्हापूरच्या दिवाणाच्या बदनामीच्या खटल्यातील, शिक्षेमुळे मुंबईतील डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस एकत्र होते, आणि रात्री त्यांच्या चर्चा अशा रंगत की आवाज कमी करा, असे पहारेकऱ्यांना येऊन सांगावे लागे. पुढे सामाजिक सुधारणेच्या प्रश्नावर दोघांचे बिनसले. आगरकरांनी १८८७ मध्ये 'केसरी'चे संपादकपद सोडले, १८८८ मध्ये 'सुधारक' सुरू केला, आणि एकेकाळचे हे जिवलग मित्र आपापल्या पत्रांतून एकमेकांची मते खोडून काढू लागले. त्या लेखनात काही वेळा व्यक्तिगत बोचरेपणा आला, तो मला आजही खटकतो. पण 'तुमचेही खरे, आमचेही खरे' अशी तडजोड दोघांपैकी एकानेही केली नाही, याबद्दल मला दोघांविषयीही आदर वाटतो.

संमतिवयाच्या, म्हणजे मुलीशी शरीरसंबंधाला कायदा मान्यता देतो त्या किमान वयाच्या, वादात या तडजोडीचा पोकळपणा उघडा पडतो. कलकत्त्यात सुमारे अकरा वर्षांची फुलमणी दासी नवऱ्याने केलेल्या शरीरसंबंधामुळे मरण पावली, १८९० मध्ये त्याचा खटला चालला, आणि १८९१ च्या कायद्याने मुलींच्या संमतिवयाची मर्यादा दहावरून बारा वर्षांवर नेली. आगरकर कायद्याच्या बाजूने उभे राहिले. परक्या सरकारने आमच्या धर्मात आणि चालीरीतींत कायद्याने हात घालू नये, सुधारणा समाजाच्या आतून व्हावी, असे टिळकांचे म्हणणे होते. परक्या सत्तेविषयीचा हा आक्षेप पोकळ नव्हता, त्याला उत्तर देणे सुधारकांचे कर्तव्यच होते, आणि तो दडपून टाकला असता तर सुधारकांची बाजू उलट दुबळी झाली असती. पण त्या मुलीच्या शरीराला झालेली इजा कोणाच्या मतावर अवलंबून नव्हती. ती इजा खरी होती. तिच्यासमोर 'ज्याचे त्याचे सत्य' म्हणणे म्हणजे जिला बोलताच येत नव्हते तिला वाऱ्यावर सोडणे होय.

म्हणूनच मला वाटते की सत्याची चाड असलेल्या माणसालाच सहिष्णुतेची सर्वांत जास्त गरज असते, कारण आपल्या म्हणण्यातील चूक दाखवून देण्याची शक्यता सर्वांत अधिक आपल्या विरोधकाकडेच असते, आणि त्याचे तोंड बंद केले की आपण बरोबर आहोत की नुसतेच बलवान आहोत, हे कळायला मार्ग उरत नाही. पुण्यातील सनातन्यांनी आगरकरांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली. आगरकरांनी तो अपमान सोसला आणि लिहीत राहिले. २० ऑगस्ट २०१३ रोजी त्याच पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांवर गोळ्या झाडल्या गेल्या, तेव्हा मात्र उत्तर देणारा माणूसच नाहीसा केला गेला. सहिष्णुतेची सीमा मी इथे आखतो: कठोर टीका, उपहास, बहिष्काराची भाषासुद्धा मी सोसायला हवी, हिंसा आणि तिची धमकी मात्र कोणत्याही श्रद्धेच्या वा विचाराच्या नावाने खपवून घेता कामा नये.

आगरकर १७ जून १८९५ रोजी वयाच्या अवघ्या ३९ व्या वर्षी गेले, आणि त्यांच्यावर 'केसरी'त मृत्युलेख लिहिला तो टिळकांनी. मतभेद त्या दिवशी मिटले नव्हते. आपल्याकडे आज मात्र थोर माणसाची एखादी भूमिका चुकीची म्हटली की त्याचा द्वेष केल्यासारखे होते, आणि कोणाला बरे म्हटले की त्याचे सगळेच मान्य केल्यासारखे. मी स्पष्ट लिहितो: १९०८ मध्ये लेखांसाठी सहा वर्षांची शिक्षा पत्करणाऱ्या टिळकांबद्दल मला नितांत आदर आहे, आणि संमतिवयाच्या प्रश्नावर टिळक चुकले, असे माझे ठाम मत आहे. ज्यांना हे मान्य नसेल त्यांनी त्या काळचे 'केसरी'तील अग्रलेख पुढे ठेवून माझे म्हणणे खोडून काढावे; मी ते पूर्ण वाचेन आणि उत्तरही देईन.